लोणी तोलायचे दगड

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायर भागात पूर्वी बायका शेतात सापडणाऱ्या गोल दगडांनी लोणी तोलायच्या. ते दगड म्हणजे समुद्रातल्या जिवांची दगड झालेली कवचं होती. आणि समुद्र तर तिथून कितीतरी लांब!

तिथल्याच एका लोहाराचा मुलगा, विल्यम स्मिथ, हे दगड बघत वाढला. शाळा बेताचीच. पुढे तो जमिनीची मोजणी करू लागला, कोळशाच्या खाणीत उतरला, कालव्याच्या कामावर राहिला. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हे जाणकारांना ठाऊक होतं. पण दोन थर दिसायला सारखेच असले तर? स्मिथने ते आतल्या शिंपल्यांवरून ओळखले. प्रत्येक थराचे शिंपले वेगळे!

१८१५ मध्ये त्याने थरांचा मोठा नकाशा छापला. तरी १८१९ मध्ये कर्जापायी तुरुंगात गेला. लंडनच्या भूविज्ञान संस्थेतल्या बड्या मंडळींनी त्याला सभासदही केलं नव्हतं. त्याच संस्थेने १८३१ मध्ये त्याला पदक दिलं.

थरांचा क्रम कळला, पण वर्षं मोजणं विसाव्या शतकात जमलं. काही खडकांत युरेनियम असतं, त्याचं ठरावीक गतीने शिसं होतं. त्यावरून हिशेब मांडतात. लोणी तोलायचे ते दगड सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वीचे निघाले.