फोटोत न आलेली उजनी

लोणी भापकरची पुष्करणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. मल्लिकार्जुनाचं मंदिर, उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या, कोरीव खांबांचा मंडप, जवळच यज्ञवराहाची मूर्ती. आयुष्यातला पहिला फोटो मी या पुष्करणीचा काढला. तेव्हा मी शाळेत होतो. मामूकडं आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलमध्ये बारा फोटो, त्यातले दोन माझ्या वाट्याला. त्या दिवशी पाण्यावर शेवाळ दाटलेलं, कडेला निर्माल्य कुजत पडलेलं. मी एका हातानं नाकाला रुमाल धरला आणि दुसऱ्या हातानं खटका दाबला. पंधरा दिवसांनी बारामतीहून फोटो धुऊन आला, काळा-पांढरा. त्यात शेवाळाचा मऊ गालिचा झाला होता आणि त्यावर मंडपाची सावली पडली होती. अम्मानं फोटो हातात घेतला आणि विचारलं, "किती छान जागा आहे रे. कुठली?"

रोज तिच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरची जागा होती ती.

त्याच सुमारास मौलवीसाहेब आम्हा पोरांना वजूचं पाणी कसं असावं ते शिकवत होते. मोठ्या हौदात, तळ्यात थोडीफार घाण पडली म्हणून पाणी लगेच नापाक होत नाही. मात्र त्या घाणीनं पाण्याचा रंग, चव किंवा वास यांतलं एक जरी बदललं, तर ते पाणी चालत नाही. तीन कसोट्या. पुढं कॅमेऱ्याचं वेड लागलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की आपल्या हातातल्या यंत्राला यातली एकच कसोटी कळते, आणि त्या एका कसोटीतही ते आपल्याला बेमालूम फसवतं.

आता उजनीविषयी बोलतो. बारामती तालुका म्हटलं की लोकांना ऊस आणि नीरेचा कालवा आठवतो. पण आमचा लोणी भापकर, मोरगावकडचा भाग जिरायती, पावसाकडं डोळे लावून बसणारा. अशा गावच्या पोराला भिगवणजवळ पहिल्यांदा एवढं पाणी दिसलं तर त्याचं काय होईल? मी रस्त्याच्या कडेला तोंड उघडं टाकून उभा होतो. मामू मात्र पाण्याकडं पाठ करून विडी ओढत होता. माझं आजोळ त्या पाण्याखाली होतं.

या भागाचा नकाशा दोनदा बदलला. पहिल्यांदा रेल्वेनं. १८५८ साली पुण्याहून निघालेला लोहमार्ग भीमेकाठच्या डिकसळपर्यंत आला आणि तिथून पुढं सोलापूरकडं गेला. दुसऱ्यांदा धरणानं. माढा तालुक्यातल्या उजनीला भीमा अडवण्याचं काम १९६०च्या दशकात सुरू झालं आणि १९८० साली पुरं झालं. इंदापूर, करमाळा, कर्जत, दौंड तालुक्यांतली अनेक गावं उठली. लोहमार्गसुद्धा बाजूला सरकवावा लागला. या जलाशयाला यशवंतसागर असं नाव मिळालं. क्षमता सुमारे ११७ टीएमसी, आणि गंमत अशी की त्यातला निम्म्याहून अधिक, ६३ टीएमसीच्या वर, मृतसाठा. म्हणून तर आपल्याकडं दर उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये' अशी बातमी येते. शून्य टक्क्यालाही तिथं समुद्रासारखं पाणी असतं. एखादं धरण उणे होऊ शकतं, हे परगावच्या पाहुण्याला समजावून सांगताना माझी दरवेळी दमछाक होते.

गाव उठलं तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. तुळया, पत्रे, दारांच्या चौकटी, जातं, सगळं ट्रकमध्ये चढलं. नाना आदल्याच वर्षी वारले होते. त्यांची कबर राहिली. आजोळचा असा एकही फोटो आमच्याकडं नाही. मामूच्या लग्नातला एक आहे, त्यात नवरदेवाच्या मागं पांढऱ्या मातीच्या भिंतीचा हातभर तुकडा दिसतो. आमच्या गावाचं चित्र एवढंच. पुढं याच पाण्याचे किती फोटो निघाले असतील, याचा हिशेब कुणाला लागणार नाही. ते पाहताना मला कायम तो भिंतीचा तुकडा आठवतो.

फोटो निघायला लागले ते पक्ष्यांमुळं. फुगवट्याचं उथळ पाणी, चिखलाचे काठ, त्यामुळं भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला पक्षी उतरू लागले. हिवाळ्यात रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस, चित्रबलाक. इंदापूर तालुक्यातल्याच भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाकांची वीण होते. मासे धरणारी माणसं होडीतून पाहुण्यांना फिरवू लागली. पुण्या-मुंबईच्या गाड्या पहाटे पाचला येऊन थांबू लागल्या. हाताएवढ्या लांब भिंगांचे कॅमेरे आले. त्या गर्दीत मीही होतो, उधारीवर घेतलेलं भिंग गळ्यात अडकवून.

पण या पाण्यात येतं काय? पुण्याची मुळा-मुठा, पिंपरी-चिंचवडची पवना, देहू-आळंदीची इंद्रायणी, सगळं शेवटी भीमेत. तिच्याबरोबर दोन महानगरांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं जे काही असेल ते. धरणाला उतार नसतो, आलेलं इथं मुक्काम करतं. सांडपाण्यातला नत्र आणि स्फुरद म्हणजे शेवाळाला खताची गोणीच. उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं. पोपटी, काठाला निळसर साय धरलेलं. जलपर्णी पंधरवड्यात दुप्पट होते. तिची फुलं मात्र जांभळी आणि इतकी देखणी, की तिला शिव्या देतानाही माणूस तिचा फोटो काढतो. ती दक्षिण अमेरिकेतून आली. जाळ्यात सर्वांत जास्त येणारा चिलापी आफ्रिकेचा. मी ज्याच्या होडीतून फिरतो तो भाऊ सांगतो, "वडिलांच्या काळात मरळ, वाम मिळायचा. आता चिलापी म्हणजेच मासा."

आणि मेख अशी आहे की या घाणीचा आणि देखणेपणाचा धागा एकच आहे. खत मिळालं की शेवाळ वाढतं, बारीक किडे, अळ्या, कवचवाले जीव वाढतात. रोहित तेच गाळून खातो, आणि त्याच्या पंखांतला गुलाबी रंग त्या खाद्यातूनच येतो. थोडं जास्त झालं की रात्रीत पाण्यातला प्राणवायू संपतो आणि सकाळी मासे पोटं वर करून काठाला लागतात. आज मेजवानी, उद्या मयत. कॅमेरा फक्त मेजवानीच्या दिवशी येतो.

माझा एक फोटो असाच गाजला. हिरव्या पाण्यावर उडायच्या तयारीतले रोहित, मागं उगवतीचं ऊन. एका संस्थेनं तो कॅलेंडरवर छापला, मला शाल-श्रीफळ मिळालं. तो काढताना मी काय केलं होतं ते आज सांगतो. डाव्या हाताला बाटल्यांचा आणि फेसाचा पट्टा होता, त्यात दोन-तीन मेलेले मासे. मी कॅमेरा चार बोटं उजवीकडं सरकवला. बस्स, एवढंच. ते कॅलेंडर मी त्या होडीवाल्या भावाच्या घरी दिलं. वहिनींनी ते भिंतीला लावलं, त्याच्या खालीच पिण्याच्या पाण्याचा विकतचा जार ठेवलेला होता. भाऊ फोटोकडं बघत म्हणाला, "चाचा, तुमच्या फोटोत वास येत न्हाई, ते एक बरंय." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तो खरोखर कौतुक करत होता. मी घरी आल्यावर दोन दिवस कॅमेऱ्याला हात लावला नाही.

हा पेच माझ्या एकट्याचा नाही. कॅनडाचे छायाचित्रकार एडवर्ड बर्टिन्स्की यांनी १९९६ साली सडबरी इथं निकेलच्या खाणीतून बाहेर पडलेल्या टाकाऊ पाण्याचे फोटो काढले. काळ्या जमिनीवरून निखाऱ्यासारखा नारिंगी ओहोळ वाहतो आहे. नजर हटत नाही, आणि नंतर कळतं की तो रंग गंजलेल्या लोखंडाचा आहे. त्यांच्यावर टीकाही झाली, की विषाला तुम्ही सुंदर करता. मला त्यांचं पटतं ते इतकंच, की त्यांनी ओहोळ चौकटीबाहेर काढला नाही, त्यालाच मध्यभागी ठेवलं. चार बोटं उजवीकडं सरकले नाहीत.

दरवर्षी आषाढीला याच धरणातून पंढरपूरसाठी पाणी सोडतात. आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर निघालेला वारकरी चालत पंढरीला पोचतो, आणि आळंदीचं पाणी इंद्रायणी, भीमा, उजनी असा वळसा घालून त्याच्या स्नानाला चंद्रभागेत येतं. वाटेत त्या पाण्याचं काय काय झालेलं असतं, हे भाविकाच्या डोळ्यांना दिसत नाही. भीमेच्या पलीकडं श्रीगोंद्याला शेख महंमदांचं ठिकाण आहे. विठ्ठलाचं नाव घेणारा तो मुसलमान संतकवी या पाण्याला काय म्हणाला असता, असं मनात येतं, आणि मी ते मनातच ठेवतो.

२०२४च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं मंदिर उघडं पडलं. देवाची स्थापना नव्या गावात केव्हाच झाली आहे, पण जुन्या मंदिराचं विटांचं शिखर पाण्यात आणि उन्हात अजून तग धरून आहे. भोवती वीरगळ. लोक मोटारसायकली घेऊन थेट मंदिरापर्यंत जात होते, आणि ड्रोन भुंग्यासारखे घोंगावत होते. मीही फोटो काढले. या वेळी वीरगळाजवळचे प्लास्टिकचे चमचे आणि चिखलात वाळलेल्या चिलापीची हाडं चौकटीत राहू दिली. ते फोटो अजून कुणी मागितलेले नाहीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी भावाला घेऊन आजोळच्या बाजूला गेलो. भेगाळलेल्या गाळातून पाऊण तास चाललो. मामू आता नाही, त्यानं सांगितलेल्या खुणा तेवढ्या होत्या. विहिरीचं कडं, चिंचेचं खोड, मग पूर्वेला शंभर पावलं. विहिरीचं कडं मिळालं. खोड मिळालं की नाही, नक्की सांगता येत नाही. शंभर पावलांवर गाळ सपाट होता, मध्ये दगडांची एक ओळ, ती कबरीची असेल किंवा बांधाची. मी तिथंच उभा राहिलो. असरची वेळ झाली होती. बाटलीतलं पाणी वाटेतच संपलेलं. पन्नास पावलांवर काठ होता, आणि मागं तीस-पस्तीस टीएमसी पाणी, उन्हात पाचूसारखं चमकत. मी खाली वाकून ओंजळ भरली, नाकाजवळ नेली आणि सोडून दिली.

मग शरियतनं सांगितल्याप्रमाणं कोरड्या गाळावर दोन्ही तळवे टेकवले, चेहऱ्यावरून फिरवले, पुन्हा टेकवून हातांवरून फिरवले. पाणी नसेल तेव्हा मातीनं वजू करतात, त्याला तयम्मुम म्हणतात. भाऊ माझा कॅमेरा गळ्यात घालून जरा लांब उभा होता. नमाज झाल्यावर म्हणाला, "चाचा, चला आता. अंधारात गाळ कुठं मऊ हाय ते कळत न्हाई."