अमीर अलीचे अधःपतन : जन्म की संगोपन?

फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या सेवेतील इंग्रज अधिकारी. १८५३ नंतर नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार त्याच्याकडे होता. तत्पूर्वी, १८३९ मध्ये, त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक अमीर अली प्रतिष्ठित मुसलमान घराण्यातील. ठगांनी आईवडिलांचा खून केल्यावर ठगनायक इस्माईल त्याला पुत्रवत वाढवितो. शौर्य व वात्सल्य हे गुण अमीर अलीच्या ठायी दिसतात. तथापि प्रवाशांचा गळा आवळणे त्याला देवीची आज्ञा वाटते. अजाणता तो सख्ख्या बहिणीचाही बळी घेतो.

ही कबुली माफीच्या साक्षीदाराने गोऱ्या साहेबापुढे दिलेली आहे. म्हणून ती इतिहासाचे साधन म्हणून सावधपणेच वापरावी लागते. तरीही अधःपतनाचे मूळ येथे रक्तात नसून संगोपनात आहे, हे लक्षणीय होय.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नेमके उलट गृहीत धरले. पुढे नळदुर्गानजीकच्या सोलापुरात अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणातील वसाहत उभी राहिली. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला; जन्मावरून गुन्हेगार ठरविण्याची वृत्ती मात्र पूर्णतः लोपली नाही. या दृष्टीने सदर कादंबरीचे पुनर्वाचन आवश्यक ठरते.