आजोबा, तेव्हा तुम्ही कुठे होता?

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक खाली येते, तिच्या तळाशी पिवळ्या पडलेल्या छायाचित्रांचा गठ्ठा सापडतो, आणि घरातले धाकटे पोर हटकून विचारते, "हे कोण?" वडीलधारी मंडळी दोन नावे सांगतात, तिसऱ्यापाशी अडखळतात, आणि "आधी ती जळमटं काढा" म्हणून विषय बदलतात. हा अनुभव घरोघरचा आहे. पण नेमका हाच प्रश्न विचारण्यासाठी पैसा खर्चून मुलांना गावात धाडावे, असे एका देशात ठरले. ती हकीकत मला मोठी मनोरंजक वाटते, आणि वाचता वाटता ती अंगावरही येते. तो देश म्हणजे जर्मनी.

१९७३ साली पश्चिम जर्मनीचे अध्यक्ष होते गुस्टाव हाइनेमान. राजे आणि सेनापती यांच्यापलीकडे, सामान्य माणसांनी स्वातंत्र्यासाठी केलेल्या धडपडी आपल्या मुलांना ठाऊक असाव्यात, अशी या गृहस्थांची तळमळ. हाम्बुर्गचे कारखानदार कुर्ट क्योर्बर यांनी पैशाची बाजू उचलली आणि शाळकरी मुलांसाठी इतिहासाची एक स्पर्धा सुरू झाली. पहिला विषय होता १८४८-४९ ची जर्मन क्रांती. ही स्पर्धा आजही चालू आहे. आजवर दीड लाखांवर मुलामुलींनी तीत भाग घेतला आहे.

तिची रीत मला फार आवडली. विषय वरून येतो, पण त्याचा शोध आपल्याच गावात घ्यायचा. पुस्तकातून उतरून काढलेले चालत नाही. दप्तरखान्यात जायचे, जुनी वर्तमानपत्रे चाळायची, म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलते करायचे. शिवाय हा शोध कसा घेतला, कुठे अडले, याचा वृत्तांत निबंधाबरोबर जोडायचा. (आपल्याकडच्या कित्येक प्रबंधांना ही अट लावली तर काय होईल, याची कल्पना करून मी थोडा वेळ हसलो.)

१९८०-८१ साली विषय निघाला, 'नात्सी राजवटीतले रोजचे जीवन'. आता पंचाईत झाली. १८४८ च्या क्रांतीबद्दल विचारणे वेगळे आणि समोर कॉफी पीत बसलेल्या आजोबांना "तेव्हा तुम्ही कुठे होता?" असे विचारणे वेगळे.

बव्हेरियात पासाऊ नावाचे सुंदर गाव आहे. डॅन्यूब, इन आणि इल्त्स या तीन नद्यांचा तिथे संगम होतो. गाव कॅथलिक, बिशपचे पीठ असलेले, ऑस्ट्रियाच्या सीमेला लागून. हिटलरच्या बालपणातली एक-दोन वर्षे इथे गेली. त्या गावातली अॅना रोस्मुस ही विशीतली मुलगी स्पर्धेत उतरली. तिची समजूत भाबडी होती: आपले गाव धर्मनिष्ठ, तेव्हा त्याने नात्सींना विरोध केला असणार, आणि आपण त्याच विरोधाची गोष्ट लिहू. पण जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली उघडल्या, तर ज्यांना गाव आदराने नमस्कार करी, त्यांतल्या काहींची नावे भलत्याच पंक्तीत आढळली. मग गावाचा चेहरा बदलला. कागद मिळेनात. कालपर्यंत गोड बोलणारे लोक तोंड फिरवू लागले. कागदांसाठी तिला कोर्टाची पायरी चढावी लागली. धमक्या आल्या. तिने मात्र चिकाटी सोडली नाही. १९८३ साली १९३३ ते १९३९ या काळातल्या पासाऊवर तिचे पुस्तक निघाले, आणि १९८४ साली त्याला 'शोल भावंडां'च्या नावाचा मानाचा पुरस्कार मिळाला. हिटलरविरुद्ध पत्रके वाटल्याबद्दल १९४३ साली ज्यांचा शिरच्छेद झाला, ती ही भावंडे. १९९० साली मिखाएल फेरहोफेन यांनी तिच्या कथेवर चित्रपट काढला. त्याच्या जर्मन नावाचा अर्थ 'भयंकर मुलगी'! १९९४ साली ती अमेरिकेत राहायला गेली.

आता वाचक म्हणतील, गावात भांडणे लावायला कुणी पैसे देते का? माझे उत्तर असे की, देते, आणि द्यावेत. ज्या शोधाने कुणाचीच झोप मोडत नाही, त्यासाठी अनुदान कशाला हवे? त्याला हारतुरे घरबसल्या मिळतात. पासाऊत त्या मुलीच्या पाठीशी बक्षिसाची रक्कम किती होती, याला महत्त्व नाही. "मला हा विषय राष्ट्राध्यक्षांच्या स्पर्धेने दिला आहे", एवढे ती दारात उभी राहून म्हणू शकत होती.

१९८२-८३ चा विषय होता युद्धकाळातला जर्मनी. तेव्हा मुलांना आपापल्या गावाबाहेर छावण्यांच्या खुणा सापडू लागल्या. पोलंड, युक्रेन, रशियातून धरून आणलेली माणसे तिथे कोंबली होती. शेतावर, कारखान्यात, अगदी पाववाल्याच्या भट्टीवरसुद्धा ही माणसे राबली. युद्धकाळात जर्मन भूमीवर अशा वेठबिगारांची संख्या एक कोटीच्या वर गेली होती. गावाला हे ठाऊक नव्हते असे नव्हे, बोलायची पद्धत नव्हती.

त्यांना भरपाई मिळायला मात्र २००० साल उजाडावे लागले. त्या वर्षी 'स्मरण, उत्तरदायित्व आणि भविष्य' या नावाचा न्यास कायद्याने स्थापन झाला. सुमारे दहा अब्ज मार्कांचा निधी, निम्मा सरकारचा आणि निम्मा उद्योगांचा. २००७ पर्यंत सोळा लाखांवर माणसांना मिळून सुमारे ४.४ अब्ज युरो वाटले गेले. साठ वर्षांच्या विलंबाने आलेल्या त्या पैशांची वाट पाहत किती डोळे मिटले असतील! उरलेल्या निधीपैकी काही कोटी युरो बाजूला ठेवून त्याच्या उत्पन्नातून स्मरणकार्याला अनुदाने देण्याचे ठरले. २०१९ पासून परराष्ट्र खात्याच्या मदतीने 'तरुणाई आठवण ठेवते' अशा अर्थाच्या नावाची एक योजनाही हा न्यास चालवतो. वेगवेगळ्या देशांतली मुले त्यातून एकत्र येतात आणि जिथे अत्याचार घडले त्या जागांचा अभ्यास करतात.

सरकारी पैसा आला की अर्ज, मुदती, हिशेबाच्या पावत्या आल्या. आणि पावती जोडण्याच्या नादात मूळ प्रश्न बोथट होण्याची भीतीही आली. शिवाय छायाचित्रात मेणबत्त्या लावून उभे राहणे सोपे असते. तरी मला या खर्चातले साधे खर्च पाहून बरे वाटते: बसचे भाडे, दुभाष्याचा मेहनताना, कागदांच्या नकला. युक्रेनमधल्या आजीबाईंचे बोलणे जर्मन मुलीला कळायचे, तर मध्ये दुभाषी हवाच, आणि त्याला पोट असते.

आता तशा आजीबाई फार थोड्या उरल्या आहेत. पूर्वी मुले घरातल्या आजोबांना विचारत, आता त्यांना आजोबांच्या वडिलांबद्दल विचारावे लागते, आणि उत्तर द्यायला समोर कुणी नसते. असते ती एखादी नोंदवही, कारखान्याच्या पगारपत्रकावरचा आकडा, किंवा माळ्यावरच्या ट्रंकेतले एखादे पत्र.