वाड्याचं परसू, गॅलरीतली कुंडी : शनिवार पेठेतल्या बागेचं बारा महिन्यांचं गणित

पुणे : आपल्या तालुक्यातली बरीच पोरं स्पर्धा परीक्षेसाठी शनिवार, नारायण, सदाशिव पेठेत खोल्या करून राहतात. कुणाची बहीण तिकडे दिलेली असते, कुणाची आत्या. गावाकडून जाताना पिशवीत भाजीबरोबर एखादं रोपही जातं. ते रोप तिथं जगत नाही आणि मग फोन येतो, "दादा, पानं पिवळी पडली, काय करू?" असे फोन मला इतके आले की एकदा नीट लिहूनच काढावं म्हटलं.

दुसरं कारण घरचं आहे. शनिवार पेठेत ओंकारेश्वराच्या बाजूला माझ्या मावशीचा जुना वाडा आहे. चौकात तुळशीवृंदावन, मागच्या परसात कागदी लिंबू, पारिजातक, कढीपत्ता आणि अळूचं खाचर. दिवाळीनंतर हा वाडा उतरवून तिथं इमारत व्हायची आहे. मावशीला फ्लॅट मिळेल, लिफ्ट मिळेल. परसू मात्र मिळणार नाही. तेव्हा या झाडांची पुढची पिढी तयार करायला यंदाचाच पावसाळा हातात आहे. पेठेतल्या बऱ्याच घरांची आज हीच गोष्ट आहे.

तसं पाहिलं तर हा भाग बागांचाच. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची. तिथं पुढं हजारी कारंजं झालं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून बांधीव नळानं शहरातल्या हौदांना पाणी आणलं गेलं. रमणबाग, तुळशीबाग, बेलबाग, विश्रामबाग ही नावं अजून तोंडात आहेत, बागा गेल्या.

आधी ऊन मोजा

शेतात आपण ऊन कधी मोजत नाही, ते असतंच. पेठेत सगळा खेळ त्यावर आहे. शेजारी पाच मजली इमारत उठली की परसात दोन तास ऊन उरतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला बघा आणि कागदावर मांडा. सहा तास ऊन असेल तर टोमॅटो, मिरची, वांगी, गुलाब, मोगरा लावा. तीन-चार तास असेल तर पालक, मेथी, पुदिना, कढीपत्ता. त्याहून कमी असेल तर अळू, मनीप्लांट, नेचे यांच्यावर समाधान माना. फळभाजीचा हट्ट धरू नका, नुसता पाला येतो.

आणखी एक गंमत आहे. मेच्या मध्याला पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, भर दुपारी सावली नाहीशी होते. तिथून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. म्हणजे दक्षिणेच्या गॅलरीत हिवाळ्यात भरपूर तिरपं ऊन आणि ऐन उन्हाळ्यात कमी. उत्तरेच्या गॅलरीत याच्या उलट. कुंड्या वर्षातून दोनदा हलवाव्या लागतात त्या यासाठी.

माती : माझी झालेली फजिती

दहाएक वर्षांपूर्वी मी मोठ्या रुबाबात शेतातली काळी कसदार माती दोन पोती भरून मावशीकडे नेली. सगळ्या कुंड्या तिनंच भरल्या. पावसाळ्यात चिखल, पाणी निथळेना, मुळं कुजली. दिवाळीनंतर तीच माती वाळून विटेसारखी झाली आणि कडेला बोट जाईल एवढ्या भेगा. पाणी घातलं की भेगांतून सरळ खाली. नऊ कुंड्यांतली सहा झाडं गेली. रानात जी माती सोनं, ती कुंडीत चालत नाही, कारण कुंडीत तिला पसरायला, निचरायला जागाच नसते.

आता मी असं करतो. दोन घमेली लाल किंवा पोयट्याची माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक घमेलं कोकोपीट किंवा वाळलेला पाला चुरून. १२ इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. तळाची भोकं खापरीच्या तुकड्यानं झाका, बुजवू नका. शेणखत ताजं असेल तर अजिबात वापरू नका, त्यात हुमणी येते आणि उष्णतेनं मुळंही भाजतात.

वाड्याच्या परसात वेगळा त्रास असतो. पडक्या भिंतींचा चुना आणि विटांचा राडारोडा वर्षानुवर्षं तिथंच जिरलेला असतो. चुनखडीच्या जमिनीत झाडाला लोह मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसल्या तर हेच समजा. दोन फुटांचा खड्डा घेऊन माती बदलणं हा खरा उपाय, बाकी फवारे तात्पुरते.

नदीचा गाळ आणू नका. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या या पेठांत पाणी शिरून घराघरात गाळ भरला होता. आज मुठेत शहराचं सांडपाणी जातं, त्या गाळात पालेभाजी घेणं म्हणजे रोगाला आवतण.

गच्ची आणि वजन

हे जरा लक्ष देऊन वाचा. एक घनफूट ओली माती ४५ ते ५० किलो भरते. म्हणजे गच्चीवर दहा फूट बाय चार फूट आणि एक फूट खोल वाफा केला तर जवळजवळ दोन टन वजन झालं. जुन्या वाड्याचं माळवद लाकडी तुळयांवर असतं. त्यावर असा वाफा करायचाच नाही. आरसीसी स्लॅबलाही आधी इंजिनिअरला विचारा. जड कुंड्या स्लॅबच्या मध्यावर न ठेवता खांब-तुळईच्या ओळीत ठेवा आणि प्रत्येक कुंडी विटांवर उचलून, म्हणजे खालची ओल दिसते. खालच्या मजल्याशी गळतीवरून होणारी निम्मी भांडणं इथंच मिटतात.

मृगापासून हस्तापर्यंत

पुण्यात वर्षाचा पाऊस साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. लागवडीचा काळ हाच. मात्र पहिल्या वळवाला भुलू नका. मृगाचे दोन-तीन पाऊस होऊन हवा गार झाली की मगच रोपं लावा. अळूचे कांदे, हळद, आलं, गवती चहाचे फुटवे जूनमध्ये. दोडका, कारलं, घेवडा मांडवावर चढवायचे तर तेही याच सुमारास. झेंडूची रोपं जुलैअखेर ते ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात लावली की दसरा-दिवाळीला फूल हाताशी येतं. शेवंतीच्या काश्या जून-जुलैत लावा, महिन्याभरानं शेंडे खुडा. शेवंतीला कळी धरायला लांब रात्र लागते. रस्त्याच्या दिव्याचा उजेड रात्रभर कुंडीवर पडत असेल तर ती फुलायला उशीर करते. पेठेत हे बऱ्याचदा घडतं आणि लोक खताला दोष देतात.

आता मावशीच्या झाडांचं. कागदी लिंबाला आम्ही गुटी कलम बांधणार आहोत. जुलै-ऑगस्टची दमट हवा त्याला उत्तम. पेन्सिलीएवढी जाड, निरोगी, गेल्या वर्षीची फांदी निवडायची. डोळ्याच्या खाली सुमारे एक इंच रुंदीची साल गोलाकार काढायची आणि आतला बुळबुळीत थर पुसून घ्यायचा. तो राहिला तर साल परत जुळते, मुळं फुटत नाहीत. वरच्या कडेला संजीवक पावडर लावली तर बरं. मग भिजवून पिळलेलं शेवाळ त्यावर गुंडाळून पारदर्शक प्लास्टिकनं दोन्ही टोकं घट्ट बांधायची. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून मुळ्या दिसतात. त्या तपकिरी झाल्या की खालून कापून कुंडीत, आणि पुढचे पंधरा दिवस सावलीत. एका झाडावर चार-पाच बांधाव्या, सगळ्या साधत नाहीत. डाळिंब, पेरू, जास्वंद यांनाही हीच पद्धत. मोगऱ्याची खालची फांदी वाकवून मातीत दाबली तरी भागतं.

पारिजातकाच्या पक्व फांदीचे वीतभर लांबीचे फाटे पावसाळ्यात पिशवीत लावा. कढीपत्त्याला आजूबाजूला फुटवे येतात, ते मुळासकट खणून काढा. अळूचे कांदे तर बादलीतही जगतात. मोठं झाड हलवायचं किंवा तोडायचं असेल तर मनानं कुऱ्हाड लावू नका. १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतनाच्या कायद्यानं महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड आपल्या अंगणात असलं तरीही.

पावसाळ्यात कुंडीखालच्या बशा काढूनच टाका. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस ठरवा. पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणीही त्या दिवशी पालथं करून घासून भरा.

दसऱ्यानंतर

पाऊस गेला की ऑक्टोबरचं ऊन चटका देतं, या पंधरा दिवसांत पाणी विसरू नका. गुलाबाची छाटणी याच महिन्यात. वाळकी, आत वळलेली फांदी काढा, बाहेर बघणाऱ्या डोळ्यावर तिरपा काप द्या. सहा-सात आठवड्यांत फुलं येतात. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, टोमॅटो, वाटाणा यांचा हंगाम ऑक्टोबर ते जानेवारी. धने रगडून दोन फाकी करून रात्रभर भिजवा. सगळं बी एकदम न टाकता दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं टाका, म्हणजे भाजी सलग मिळते. मोगऱ्याचं पाणी डिसेंबरात तोडून छाटणी घ्या, नव्या फुटीवर मार्चपासून कळ्या. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एम्प्रेस गार्डनला फुलांचं प्रदर्शन भरतं, ते जरूर बघा. गावाकडच्यांनीही.

थंडी सरताना जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतो. मुंग्या चढताना दिसल्या की समजा आला. आधी पाण्याच्या जोरदार धारेनं धुवा. मग ५० ग्रॅम निंबोळी चूर्ण एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्यानं गाळून, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारा. आठ दिवसांनी परत. पानांची खालची बाजू भिजली पाहिजे.

उन्हाळा

एप्रिलात पारा ३८ च्या पुढे जातो आणि पाणीकपातीची चर्चाही तेव्हाच सुरू होते. या दिवसांत नवी लावणी नको, असलेलं वाचवा. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, मातीवर दोन इंच वाळका पाला अंथरा, पाणी पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी बागेला, साबणाचं नको. बोट दोन पेरं मातीत घालून ओल लागली तर त्या दिवशी पाणी घालू नका. उन्हाळ्यात पाण्यावाचून जेवढी झाडं मरतात, तेवढीच काळजीपोटी जास्त पाणी घालूनही.

पाला जाळू नका, दंड बसतो आणि खतही जातं. भोकं पाडलेल्या जुन्या पिंपात एक थर ओला कचरा, त्यावर दुप्पट वाळका पाला, मधूनमधून ताकाचा हबका. अडीच-तीन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत होतं. आंबूस वास आला तर ओल जास्त झाली, आणखी पाला घाला. मावशीच्या परसातल्या पारिजातकाचा पाला मी यंदा सगळा पोत्यात भरून ठेवलाय, नव्या कुंड्यांना तोच घालायचा आहे. लिंबाच्या चार गुट्या ठरल्यात : एक मावशीच्या नव्या गॅलरीत, दोन तिच्या मुलींकडे, आणि एक माझ्या रानात विहिरीजवळ.