पाटण्याचे हरवलेले शिखर आणि संगणकातल्या तीन शक्यता : एक थ्रेड

१/ चाळीसगावच्या नैर्ऋत्येला, डोंगराच्या कुशीत पाटणे गाव आहे. पाटणादेवीला जाणारे अनेकजण तेथील प्राचीन महादेव मंदिरही पाहतात. या मंदिराचे मूळ शिखर आज पूर्ण रूपात उभे नाही. मग ते कसे असेल? याची एकाहून अधिक सयुक्तिक उत्तरे संभवतात. ती सारी एकाच वेळी, एकमेकांत न मिसळता कशी सांभाळावीत, हा या थ्रेडचा विषय.

२/ पाटणे आपल्याला ठाऊक असते ते भास्कराचार्यांमुळे. त्यांचा नातू चांगदेव याने येथे मठ स्थापन केला. शके ११२८ चा त्यासंबंधीचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांसमोर आणला. मंदिराचा लेख त्याहून जुना, शके १०७५ चा, म्हणजे इ.स. ११५३ चा आहे. निकुंभ घराण्यातील इंद्रराजाने मंदिराचे काम आरंभले आणि त्याच्या पश्चात राणी श्रीदेवी व पुत्र गोवन यांच्या काळात ते पूर्णत्वास गेले, असे त्यावरून कळते.

३/ मात्र असे लेख दाता, काळ आणि दान सांगतात; शिखराचा आराखडा सांगत नाहीत. तो शोधायचा तर शेजारच्या मंदिरांकडे पाहावे लागते. मालेगाव-धुळे रस्त्यावरील झोडग्याचे माणकेश्वर, सिन्नरचे गोंदेश्वर, शके ९८२ चे अंबरनाथ : ही सर्व भूमिज शैलीची मंदिरे आहेत.

४/ भूमिज म्हणजे काय? शिखराच्या चार दिशांना खालून वरपर्यंत चढत जाणारे चार पट्टे असतात; त्यांना लता म्हणतात. लतांच्या मधल्या जागेत चिमुकल्या शिखरांच्या रांगा एकावर एक रचलेल्या असतात. एकेक आडवी रांग म्हणजे एकेक भूमी. याउलट शेखरी शैलीत मुख्य शिखराला त्याच्याच लहान प्रतिकृती बिलगलेल्या असतात. लांबून पाहिले तरी दोहोंतील फरक ओळखता येतो.

५/ आता संगणकाकडे वळू. वास्तुविशारद वापरतात त्या रेव्हिटमध्ये ‘डिझाइन ऑप्शन्स’ नावाची सोय आहे. जे निश्चित आहे ते ‘मेन मॉडेल’मध्ये राहते. जे अनिश्चित आहे त्याचा ‘ऑप्शन सेट’ होतो आणि त्यात पर्याय ठेवले जातात. पाटण्यापुरते बोलायचे तर जोते, भिंती, खांब हे मेन मॉडेल. शिखर हा ऑप्शन सेट. त्यात तीन पर्याय : पाच भूमींचे भूमिज, सात भूमींचे भूमिज आणि शेखरी.

६/ मंडपाच्या छताविषयीही शंका असेल तर? त्याचा सेट वेगळा करावा. शिखराचे तीन आणि छताचे दोन पर्याय एकाच सेटमध्ये कोंबले, तर सहा जोड्या स्वतंत्रपणे रचाव्या लागतात. सेट वेगळे ठेवले, की पाचच पर्याय रचून, दृश्यागणिक हवा तो निवडून, सहाही जोड्या पाहता येतात. स्वतंत्र प्रश्न स्वतंत्र ठेवणे ही संशोधनाचीही शिस्त आहे.

७/ याचा उपयोग केवळ चित्रापुरता नाही. प्रत्येक पर्यायाला किती दगड लागेल, हे तक्त्यातून काढता येते. तो भार खालच्या भिंती पेलतील का, हे मग तपासता येते. भूमिज शिखरातील चिमुकली शिखरे भूमीगणिक लहान होत जातात. त्यामुळे एखाद्या ढासळलेल्या मंदिराच्या परिसरातले सुटे दगड मोजले आणि मापांचे ठरावीक गट पडले, तर एक पर्याय बळावतो. पुरावा आला की पारडे झुकते. तोवर दुसरा पर्याय पुसायचा नसतो.

८/ रेव्हिटमध्ये ‘अ‍ॅक्सेप्ट प्रायमरी’ अशी एक आज्ञा आहे. ती दिली की निवडलेला पर्याय मेन मॉडेलमध्ये विलीन होतो आणि बाकीचे नष्ट होतात. वास्तुविशारदाला कधीतरी ती द्यावीच लागते. त्याला इमारत उभी करायची असते. इतिहासाच्या विद्यार्थ्यावर ती सक्ती नाही.

९/ ही चूक माझ्या हातून झाली आहे. गेल्या वर्षी भूमिज शिखराचे एकच चित्र तयार करून ‘पाटण्याचे मंदिर’ एवढ्याच ओळीसह मी ते मित्रांना पाठवले. काही महिन्यांनी तेच चित्र घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परत आले. खाली लिहिले होते : ‘मंदिराचे मूळ रूप’. मामांनी अभिमानाने विचारले, “हे पाहिलेस का?” माझेच अनुमान पुरावा होऊन माझ्याकडे परतले होते. दुरुस्ती मी पाठवली. ती मात्र कोणी पुढे पाठवली नाही.

१०/ अनेक पर्याय हाताळण्याची रीत आपल्याला नवी नाही. अकराव्या शतकात माळव्याच्या राजा भोजाच्या नावे असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ ग्रंथात मंदिरांचे कितीतरी प्रकार मापांसह वर्णिले आहेत. भोपाळजवळील भोजपूरच्या अपूर्ण शिवमंदिराभोवती खडकांवर सूत्रधारांनी कोरलेले आराखडे आजही दिसतात. त्यांतील काही तर कधी बांधल्याच न गेलेल्या मंदिरांचे असावेत. न निवडलेला पर्यायही दगडावर राहिला, म्हणूनच आज आपण त्यांची विचारपद्धती वाचू शकतो.

११/ आधुनिक संकेतही हेच सांगतात. १९६४ च्या व्हेनिस सनदेनुसार जिथे अनुमान सुरू होते तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. संगणकीय पुनर्रचनेसाठीच्या लंडन सनदेची (२००६, सुधारित २००९) अपेक्षा अशी, की पुरावा कोणता आणि तर्क कोणता, हे पाहणाऱ्याला कळावे.

१२/ म्हणून आता माझे तीन नियम. पर्यायाला ‘ऑप्शन १’ असे नाव न देता ‘भूमिज, ५ भूमी, झोडग्याच्या आधारे’ असे नाव द्यायचे. चित्र प्रसृत करताना सर्व पर्याय एकाच चौकटीत, शेजारीशेजारी ठेवायचे, म्हणजे एकच कापून पुढे पाठवणे अवघड होईल. आणि अनुमानित भाग फिक्या रंगात दाखवायचा.

१३/ धुळ्याहून मालेगावला जाताना झोडग्याला अवश्य थांबा. शिखराच्या भूमी मोजा, लता ओळखा. मग पाटण्याला जाऊन वर पाहा आणि तुम्हाला कोणता पर्याय पटतो ते लिहा; कारणासह लिहा.