भिंतीपलीकडची किष्किंधा

पुढं कधीतरी हंपीला गेले. तुंगभद्रेपलीकडचं आनेगुंदी दाखवून तिथल्या माणसानं सांगितलं, हीच वालीची किष्किंधा. मी मान डोलावली, पण मन काही मानेना. माझा वाली घोरवडेश्वराच्या गुहेत शिरला होता. महाशिवरात्रीच्या जत्रेला आजी आम्हा पोरांना रहाटणीहून त्या डोंगरावर न्यायची आणि लेण्यातल्या अंधाराकडं बोट करून म्हणायची, "ह्याच्यात गेला बघ वाली, मायावी राक्षसाच्या मागं." आजीनं दाखवलं म्हणजे ते तिथंच घडलं.

वानरांना माकडं म्हटलेलं तिला खपायचं नाही. "माकडाला मामा आसतो व्हय? सुग्रीवाला व्हता, दधिमुख." तिच्या लेखी रानात राहणारी ती आपल्यासारखीच माणसं. त्यांना राजा, प्रधान, सासुरवाडी, भावकी, सगळं होतं. सीतेचा पत्ता लावून अंगदाची टोळी परत येते, वाटेत सुग्रीवाच्या मधुवनात घुसते आणि मध पिऊन नुसता धुडगूस घालते. राखणीला असलेला दधिमुख मामा मार खाऊन राजाकडं गाऱ्हाणं नेतो. राजा मात्र खूश होतो, कारण काम फत्ते झाल्याशिवाय पोरांची एवढी छाती व्हायची नाही. हे सांगताना आजी भाकरीच्या काल्यावर काकवी ओतायची, आणि त्या दिवशी हात जरा सैल सुटायचा.

तिला अक्षरओळख नव्हती. चातुर्मासात मारुतीच्या देवळात एकनाथांचं भावार्थरामायण लागायचं, तेवढीच तिची शाळा. नाथांच्या हातून ते युद्धकांडात अपुरं राहिलं आणि गावबा नावाच्या शिष्यानं पुरं केलं, हे मी मोठेपणी वाचलं. तिला सांगितलं तर म्हणाली, "मंग? घरातलं आर्दं काम कुनीतरी पुरं करावंच लागतंय."

ती सगळ्यांत जास्त रेंगाळायची ती गुहेच्या तोंडाशी. वाली आत, सुग्रीव बाहेर. वर्ष लोटतं. मग आतून फेसाळलेलं रक्त वाहत येतं, आणि भाऊ गेला असं समजून सुग्रीव दारावर धोंडा लोटतो. घरी येतो, प्रधान त्याला गादीवर बसवतात, आणि एक दिवस वाली जिवंत परततो. सुग्रीवाला नेसत्या वस्त्रानिशी हाकलतो, त्याची बायको रुमा ठेवून घेतो. इथं आजीचा आवाज बसायचा. "एकदा इचारायचं तरी, बाबा, धोंडा का लावलास?"

ही कहाणी आमच्याच घराची होती, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. माझ्या आजोबांचे, म्हणजे आबांचे, थोरले भाऊ मुंबईला गिरणीत गेले. स्वातंत्र्याच्या आगेमागे असावं, नक्की साल कुणालाच सांगता येत नाही. वर्षभर पत्र नाही, पैसा नाही. कुणी म्हणालं साथीत गेले. आबांनी जमीन आपल्या नावावर लावून घेतली. आणि एका संध्याकाळी थोरले आबा ट्रंक घेऊन दारात उभे. त्यानंतर वाड्याच्या मधोमध भिंत उठली, शेतात बांध पडला, आणि दोघं भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद झाले. शेवटपर्यंत.

पोरांना भिंत नव्हती. मी आठेक वर्षांची असेन. पलीकडं थोरल्या आजीच्या हातचे शेंगोळे खायला बसले होते, आणि तिनं वालीची गोष्ट काढली. माझा घास हातातच राहिला. तिच्या गोष्टीत वाली देवमाणूस होता. गुहेत एकटा वर्षभर झुंजला, आतून हाका मारल्या, धोंडा लाथेनं उडवून बाहेर आला, तर घरात भावाचा राज्याभिषेक झालेला! आणि शेवटी काय, झाडाआडून बाण. "समोर यायचं की," ती म्हणायची, आणि पदरानं डोळे टिपायची.

भिंत एकच, पण अलीकडं सुग्रीवाचं रामायण आणि पलीकडं वालीचं. दोघींपैकी खोटं कुणीच सांगत नव्हतं. वाल्मीकींनीही मरणाऱ्या वालीच्या तोंडी रामाला केलेले खडे सवाल ठेवलेच आहेत. दोघं भाऊ दिसायला इतके सारखे, की पहिल्या झुंजीत रामाला वाली कोणता ते ओळखू येईना. दुसऱ्या खेपेला सुग्रीवाच्या गळ्यात गजपुष्पीची वेल घालावी लागली. आमचे दोघे आबाही पाठमोरे सारखेच दिसायचे.

1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. मी जन्मलेही नव्हते, हे आईकडून ऐकलेलं. थोरल्या आबांनी बॅटरीवरचा रेडिओ आणला होता. माझी चुलतबहीण म्हणते, तो गावकीचा होता. असो. आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गाणी झाली, आणि आजी प्रत्येक वेळी भिंतीला पाठ लावून बसायची. वालीवधाचं गाणं लागलं, तेव्हा पलीकडून कुणीतरी रेडिओ भिंतीजवळ सरकवला. थोरल्या आजीनंच, दुसरं कोण?

ज्या बांधावरून हे सगळं, तो पुढं पुसलाच गेला. 1954 ला पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना आला होता, 1962 नंतर एमआयडीसी, 1972 ला नवनगर विकास प्राधिकरण. ज्वारीच्या रानात गुंठ्यांचे भाव बोलले जाऊ लागले. आज त्या बांधावर सात मजली इमारत आहे, आणि दोन्ही घरांची नातवंडं एकाच लिफ्टनं वर जातात.

वालीच्या बायकोबद्दल, तारेबद्दल मात्र दोघी आज्यांचं एकमत होतं. झुंजीला निघालेल्या वालीला तिनं अडवलं होतं, सुग्रीवाच्या पाठीशी कुणीतरी आहे, भावाशी समेट कर म्हणून सांगितलं होतं. त्यानं ऐकलं नाही. "बाईचं ऐकलं आसतं तर," इकडची म्हणायची. तिकडचीही तेच म्हणायची.

हनुमान जयंतीला पहाटे, सूर्य उगवायच्या आत, देवळात सुंठवडा लागायचा. सुंठ, सुकं खोबरं, खसखस, पिठीसाखर, वेलदोडा. खलबत्ता एकच. दोघी जावा समोरासमोर बसून आळीपाळीनं कुटायच्या, नवऱ्यांच्या देखत. गेल्या चैत्री पौर्णिमेला तो मी आणि माझ्या चुलतबहिणीनं केला. सुंठ थोरल्या घरची होती, खोबरं आमचं.