पायात साठलेले किलोमीटर

मागच्या रविवारी नातू पिंपरीहून लोणावळ्याला आला. एरवी हा मुलगा लोकलमधून उतरला की स्टेशनपासून घरापर्यंत पळत येतो. त्या दिवशी रिक्षातून उतरला, तेही उजवा पाय जपून. मी विचारायच्या आतच मनगटावरचं घड्याळ पुढे करून म्हणाला, "आबा, आठवड्याचं मायलेज वाढवतोय. तीन आठवड्यांपूर्वी २२ किलोमीटर होतं, आता ४५ वर नेलंय. नडगी जरा दुखतेय, पण जाईल. आपण मावळातले, धावणं रक्तातच आहे आपल्या!"

मी गप्प बसलो. हेच वाक्य मी एकदा बोललो होतो, १९८३ साली, दुसऱ्या एका मुलाला. ते पुढे सांगतो. आधी थोडा इतिहास. मास्तरकीची खोड, इलाज नाही.

१९१९ सालची गोष्ट. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे वार्षिक सामने होते आणि सर दोराबजी टाटा जिमखान्याचे अध्यक्ष होते. दोराबजींचं शिक्षण काही काळ इंग्लंडात झालेलं, तिथल्या मैदानी खेळांची गोडी घेऊनच ते परतले होते. त्या सामन्यांत सुमारे २५ मैलांची एक लांब शर्यत होती. धावणारे शेतकरी, पायात काही नाही, शास्त्रशुद्ध सराव कशाशी खातात ते ठाऊक नाही. तरी त्यांचं धावणं बघून दोराबजी थक्क झाले. १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही हकिगत सांगितली आहे. यातल्या तीन धावपटूंना १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला पाठवू, चांगला आहार आणि इंग्रज प्रशिक्षक मिळाले तर ते देशाचं नाव काढतील, असं त्यांना वाटलं. त्या प्रस्तावाने पुणेकरांना हुरूप आला आणि तिघांवर न थांबता एक संघच उभा राहिला. जून १९२० मध्ये मुंबईहून बोट निघाली. संघात चार धावपटू आणि दोन पैलवान. लंडनमध्ये काही आठवडे सराव झाला आणि मंडळी अँटवर्पला पोचली.

२२ ऑगस्ट १९२० ला मॅरेथॉन झाली. अंतर होतं ४२.७५० किलोमीटर, म्हणजे आजच्या ४२.१९५ पेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त. फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटं ३५ सेकंदांत पहिला आला. आपल्याकडून दोघे धावले. सदाशिव दातारांना शर्यत अर्ध्यात सोडावी लागली. बेळगावचे फडेप्पा चौगुले मात्र २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पोचले, एकोणिसावे. मी कागदावर भागाकार करून पाहिला. दर किलोमीटरला जवळजवळ बरोबर चार मिनिटं पडतात. नातवाला हा आकडा सांगितला तेव्हा तो आपली नडगी विसरला. त्याच्या ग्रुपमध्ये या वेगाने दहा किलोमीटर धावणारेसुद्धा मोजकेच आहेत म्हणे.

ही गोष्ट आपल्याकडे दोन सुरांत सांगितली जाते. एक अभिमानाचा सूर : बघा, अनवाणी शेतकरी, रक्तातच ताकद. दुसरा हळहळीचा : सोयी मिळाल्या असत्या तर पदक आणलं असतं. मला दोन्ही सुरांत एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते, ती म्हणजे साधा हिशोब. त्या काळचा शेतकरी दिवसाला किती चालत होता? घरून शेतावर, शेतावरून पाण्यावर, गुरांमागे डोंगराला, आठवडी बाजाराला दोन-तीन कोस जाऊन परत. दिवसाचे दहा किलोमीटर धरले तरी आठवड्याचे ७० झाले. आणि हे तीन आठवडे नाही, पाचव्या-सहाव्या वर्षापासून चालू. मनगटावर घड्याळ नव्हतं म्हणून कुणी मोजलं नाही, इतकंच. दोराबजींना त्या शर्यतीत जे दिसलं ते रक्त नव्हतं. पायात वर्षानुवर्षं साठलेले किलोमीटर होते.

पुढे जगालाही हे हळूहळू उमगलं. न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरात आर्थर लिडियार्ड नावाचा एक गृहस्थ होता. बुटांच्या कारखान्यात काम करायचा, पहाटे दूध टाकायचा. आठवड्याला किती धावलं की माणूस तयार होतो, याचे प्रयोग त्याने अनेक वर्षं स्वतःच्याच पायांवर केले. कधी फार जास्त, कधी फार कमी, असं करत तो आठवड्याला सुमारे १०० मैलांवर स्थिरावला. महिनोन्महिने लांब अंतराचा पाया आणि वेग नंतर, ही त्याची रीत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या शिष्यांपैकी पीटर स्नेलने ८०० मीटरचं आणि मरे हॅलबर्गने ५,००० मीटरचं सुवर्ण जिंकलं, बॅरी मॅगी मॅरेथॉनमध्ये तिसरा आला. ती मॅरेथॉन जिंकली इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने, अनवाणी. त्याच्याबद्दलही लोक 'रक्तातच आहे' असंच म्हणाले. प्रत्यक्षात तो सम्राटाच्या अंगरक्षक दलातला शिपाई होता आणि स्वीडिश प्रशिक्षक ओन्नी निस्कानेन यांच्या हाताखाली पद्धतशीर तयार झाला होता.

आता जरा आपल्या भागाकडे येतो. ज्या दोराबजींनी ती शर्यत पाहिली, त्यांच्याच कारकिर्दीत आपल्या लोणावळ्या-वळवणची धरणं झाली. इथलं पाणी नळांतून घाटाखाली खोपोलीला जाऊ लागलं आणि १९१५ पासून त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. अँटवर्पला संघ गेला त्याच्या पुढच्याच वर्षी, १६ एप्रिल १९२१ ला, मुळशीत सत्याग्रह सुरू झाला. सुमारे पन्नास गावांचे मावळे सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्याबरोबर टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले. धरण अखेर झालंच. पुण्यात शेतकऱ्यांच्या पायांचं कौतुक करणारा माणूस आणि शेतकऱ्यांच्या पायाखालची जमीन घेणारी कंपनी, दोन्हींचं नाव एकच. यात कुणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही, विजेचा दिवा माझ्याही घरात आहे. पण धरण आलं की पायवाटा बुडतात, आणि मग माणसं पाण्याला वळसा घालून चालतात. मावळातल्या कितीतरी वाड्यांचं चालणं अशा वळशांनी वाढलेलं आहे.

१९८३ सालचा तो मुलगा अशाच एका वाडीतला. घर धरणाच्या पलीकडे. शाळा समोर दिसायची, पण वळसा सहा किलोमीटरचा. सकाळी सहा, संध्याकाळी सहा, आठवड्याचे सहा दिवस. त्याच वर्षी पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली होती आणि सगळीकडे धावण्याचं वारं होतं. मीही त्या वाऱ्यात सापडलो. हा मुलगा पावसात डोक्यावर इरलं घेऊन वर्गात यायचा आणि जराही दमलेला दिसायचा नाही. मला वाटलं, हा जिल्ह्यात पहिला येणार.

मी त्याला शाळा सुटल्यावर डांबरी रस्त्यावर रोज आठ किलोमीटर पळवू लागलो, आठवड्यातून पाच दिवस. कॅनव्हासचे बूट मी माझ्या पैशांनी घेऊन दिले, त्याचा मला केवढा अभिमान होता! त्याच्या पायात आधीच ७२ किलोमीटर आहेत, हा हिशोब गणित शिकवणाऱ्या मला सुचला नाही. ७२ वर एकदम ४० चढले. पळून झालं की तो पुन्हा सहा किलोमीटर घरी चालत जायचा. तिसऱ्या आठवड्यात म्हणाला, "सर, नडगी ठणकतीय." मी म्हणालो, "मावळा आहेस ना तू? पन्हाळ्याहून विशाळगडाकडे रातोरात गेलेल्यांच्या नडग्या दुखल्या नसतील? धावणं आपल्या रक्तात आहे." पोरगं हसलं आणि पळत राहिलं.

शर्यतीत तो सहावा आला. दुसऱ्या दिवसापासून पाय टेकवेना. हाडाला बारीक चीर गेली होती, डॉक्टरांनी दोन महिने चालायचं नाही म्हणून सांगितलं. दोन महिने चालायचं नाही म्हणजे दोन महिने शाळा नाही, कारण त्या वळशावर एसटी नव्हती. दहावीचं वर्ष होतं. तो परत आलाच नाही.

पुष्कळ वर्षांनी एका लग्नात भेटला. मुलं शिकलेली, स्वतःचा टेम्पो. मी विषय काढला तर मलाच समजावू लागला. "सर, पळण्याचं काही नाही हो. शाळेला चालत यायचं होतं, तेवढंच जमेना." त्याने ते मला बरं वाटावं म्हणून म्हटलं. मला ते वाक्य आजही झोपू देत नाही.

नंतर मी या विषयावर जमेल तसं वाचलं. धावायला लागलं की दम लवकर सुधारतो, काही आठवड्यांतच. स्नायू त्याच्या मागोमाग येतात. पण हाडं आणि स्नायूबंध यांना महिने लागतात. हाडाचं काम जुन्या वाड्याची भिंत दुरुस्त करणाऱ्या गवंड्यासारखं असतं : आधी खिळखिळे दगड काढायचे, मग नवे बसवायचे. दगड काढलेले असताना वर मजला चढवला तर भिंत तडकणारच. आणि नेमकं त्याच वेळी दम वाढलेला असल्यामुळे माणसाला वाटतं, आपल्याला आणखी झेपेल. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातली नडगी बहुतेक अशीच तडकते.

आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, हा नियम नातवालाही माहीत होता, पाळला नव्हता एवढंच. पण तोसुद्धा ब्रह्मवाक्य नाही. २० किलोमीटरला दर आठवड्याला दहा टक्के चक्रवाढीने लावा. आठ आठवड्यांत दुप्पट होतात, आणि वर्षाअखेर आठवड्याला २,८०० किलोमीटर! नेदरलँड्समधल्या ख्रोनिंगन इथल्या संशोधकांनी नवशिक्या धावपटूंचे दोन गट करून हे तपासलं होतं, तो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने दहा टक्क्यांच्या बेताने हळू वाढवलं, दुसऱ्याने जरा भराभर. दुखापती दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच झाल्या, पाचातल्या एकाला. म्हणजे नुसता टक्का धरून भागत नाही. कोण, किती वर्षं, कशावर चालत आला आहे, आणि धावण्याखेरीज दिवसभरात पायावर काय पडतं आहे, हे आधी विचारावं लागतं. १९८३ साली मी ते विचारलं नव्हतं.

रविवारी नातवाला विचारलं. घड्याळात फक्त धावण्याचे किलोमीटर होते. कंपनीत शॉप फ्लोअरवर आठ तास उभं राहणं आणि फिरणं त्याने धरलंच नव्हतं. आम्ही दोघं बसलो, जुनी वही काढली आणि मागच्या सहा महिन्यांचे आठवडे एकाखाली एक मांडले. मग मी त्याला त्या मुलाची गोष्ट सांगितली. घरात आजवर कुणाला सांगितली नव्हती.

सोमवारी त्याने डॉक्टरांना पाय दाखवला. चीर नाही, सूज आहे. तीन आठवडे धावणं बंद, पुढे १५ किलोमीटरपासून सुरुवात, तीन आठवडे वाढ की एक आठवडा उतार. हिशोब वहीत लिहून घेऊन गेलाय. जाताना मात्र मी त्याला स्टेशनपर्यंत चालू दिलं नाही. रिक्षा मीच बोलावली.